सोनं टाकून मशाली

आमचा खेळ लोकांना समजावून सांगायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. "पत्ते का? ऑनलाइन रमी का?" असं विचारतात आणि मग माझ्याकडे संशयाने बघतात. म्हणून इथे एकदाच सांगून टाकतो. चौघांनी बसायचं, त्यातला एक सूत्रधार. तो म्हणतो, तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या भुयारात उभे आहात, समोर दोन वाटा आहेत, आता काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं, त्या पात्राने काय केलं ते बोलून सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. बस्स. लहानपणी सगळेच असलं काहीतरी खेळतात, आम्ही मोठेपणी नियमांचं पुस्तक घेऊन खेळलो.

आमचा सूत्रधार म्हणजे दादा. चाकणजवळच्या गावातलं जुनं शेतकरी घर, आणि नोकरी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटीला. मी डिप्लोमा करून त्याच कंपनीत चिकटलो होतो, पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेलो. मेंटेनन्समधला एक दिघीचा आणि स्टोअर्समधली एक दापोडीची, त्यांना आम्ही दिघीकर आणि दापोडीकरीण अशाच हाका मारायचो. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी काळेवाडीत माझ्या घरी चटई पडायची.

नियमांचं पुस्तक म्हणजे एका परदेशी खेळाच्या जुन्या आवृत्तीची झेरॉक्स. त्या खेळाच्या नव्या आवृत्त्या कधीच आल्या होत्या. त्यात पात्रं सहसा मरत नाहीत, अंधारातही त्यांना दिसतं, मंत्र म्हटला की फुकटचा उजेड पडतो. दादाला ते मुळीच पटायचं नाही. "नव्यात नुसता चमत्कार हाय, राव. जुन्यात हिशोब हाय," म्हणायचा.

जुन्यात हिशोब होता खरा. पाठीवर किती ओझं, पिशवीत किती भाकरी, आणि सगळ्यात कडक हिशोब उजेडाचा. दादाने बांधावरच्या चिंचेचे चिंचोके आणून ठेवले होते. खेळात मशाल पेटली की सहा चिंचोके त्याच्या हाताशी यायचे. खेळातला थोडा वेळ सरला की एक चिंचोका स्टीलच्या वाटीत पडायचा, टण्ण, आणि पाठोपाठ दादा म्हणायचा, "हं. आता?" सहावा पडला की मशाल विझली. आम्ही नुसतेच भांडत बसलो तर ओरडायचा, "उजेड जळतोय, बोला की!" तंबाखूने भरलेलं तोंड, त्यामुळे आवाज जरा गिळल्यासारखा यायचा, पण भरदार होता.

पुढे कंपनीने दिघीकराला चेन्नईला धाडलं आणि दापोडीकरीण लग्न होऊन बंगळुरूला गेली. चटई गुंडाळून ठेवावी लागली. असले खेळ ऑनलाइन खेळायच्या साइट असतात, नकाशा असतो, फासे असतात, सगळं असतं, पण नियम नवे. जुन्या नियमांनी खेळायचं तर कुणीतरी ॲड-ऑन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहावा लागतो. दादाने फोनवर मला सांगून टाकलं, "तू कंप्युटरचा ना? मग लिही."

लिहिला. शनिवार-रविवार त्यातच गेले. साइटच्या मते अंधारात सगळ्यांना दिसतं, ते आधी बंद पाडलं. मग ओझं, मग भाकऱ्या. ॲड-ऑन मी सगळ्यांसाठी खुला ठेवला, तर कुठून कुठून जुन्या नियमांचे भक्त गोळा झाले. हे लोक म्हणजे सासवांचं संमेलन. मीठ जरा कमीजास्त झालं की तक्रार: तांब्याच्या नाण्याचं वजन चुकलंय, दोरी ओली झाली की जड का होत नाही. मी चिडत चिडत दुरुस्त्या करायचो. मनातून बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मशालीला मी घड्याळ लावलं होतं. वेळ झाली की आपोआप विझणार. दादाने पहिल्याच गुरुवारी ते मोडीत काढलं. "मी मान्सं बघून चिंचोका टाकतो. तुजं मशिन मान्सं बघतं का?" अडचणीत असलो की तो चिंचोका बोटांत धरून थांबायचा, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मग घड्याळ काढलं आणि फक्त आमच्या खेळापुरतं सूत्रधाराला एक बटण दिलं. दाबलं की एक चिंचोका कमी. आवाजही त्याच्याच वाटीचा पाहिजे म्हणाला, म्हणून त्याच्या गावी जाऊन स्वयंपाकघरात रेकॉर्डिंग केलं. वहिनींनी तेवढ्यापुरता मिक्सर बंद ठेवला. त्यातल्या त्यात जो आवाज स्वच्छ आला, त्याच्या शेवटी दादा सवयीने बोलून गेला होता, "हं. आता?"

तेवढा तुकडा कापायचा राहून गेला. खेळताना दादा माइकवरही तेच म्हणायचा आणि रेकॉर्डिंगमधूनही तेच यायचं. "दादा, तू आणि तुझा जुळा भाऊ दोघं एकदम बोलू नका," अशी दिघीकर थट्टा करायचा. पुढच्या आठवड्यात कापतो, पुढच्या आठवड्यात कापतो, असं म्हणत मी ते तसंच ठेवलं. माझ्या आळसाने आयुष्यात एकदाच काही कमावलं असेल तर ते हे.

मग दादाचा आवाज बसायला लागला. आधी सगळे म्हणाले धूळ, मग म्हणाले थंडी. डॉक्टर म्हणाले घसा, आणि स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. तो खरखरत म्हणाला, "मरनाचं भ्या न्हाई वाटत. पर गुरुवारचं काय, भावा? मुका सूत्रधार कुटं असतो का?" मी म्हणालो, तू टाइप कर, बाकी मी बघतो. त्याने माझा हात घट्ट धरला. त्याला दुसरं काही नको होतं, शेवटपर्यंत सूत्रधार राहायचं होतं.

ऑपरेशननंतर मी आधी अक्कल पाजळली. त्याने टाइप केलेलं मशिनच्या आवाजात वाचून दाखवायची सोय केली. स्टेशनवर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगतात तशा थाटात एक बाई म्हणाली, "भुयारात भीषण शांतता आहे." दादाचे खांदे गदागदा हलायला लागले. हसत होता, नुसता, बिनआवाजाचा. मग टाइप केलं, "बंद कर ती बाई."

त्याच गुरुवारी, थोडं पुढे गेल्यावर, खेळातला वेळ सरला आणि त्याने बटण दाबलं.

टण्ण. "हं. आता?"

दापोडीकरणीने कॅमेरा बंद केला. पडद्यावर दादाच्या मागून वहिनी आल्या, हात पिठाचे, आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. दादाने त्यांच्याकडे बघून पुन्हा बटण दाबलं. दाबतच राहिला. सहावा चिंचोका पडला, मशाल विझली, नकाशा काळा झाला. उजेड शिल्लक नसेल तर चिंचोका नाही आणि आवाजही नाही, असं मीच लिहून ठेवलेलं होतं. त्याने आणखी दोनतीनदा दाबून बघितलं आणि टाइप केलं, "मुकं झालं रं."

मी म्हणालो, दादा, आवाजाचं बटण वेगळं करतो, हवं तितक्यांदा दाब, पाच मिनिटांचं काम आहे. तो म्हणाला, म्हणजे टाइप केलं, "नको. फुकाटचं बोलनं नको. उजेड खर्चल तवाच बोलंन." मी वाद घातला, चिडलो, एवढा कसला हट्ट म्हणून सुनावलंसुद्धा. उत्तर एवढंच: "नियम म्हंजे नियम."

मग आम्हीही नियमानेच उत्तर दिलं. त्या भुयारात आमच्या पात्रांना सोन्याच्या नाण्यांचे हंडे सापडले होते, कितीतरी गुरुवारांची कमाई. जुन्या नियमांत सोन्याला वजन असतं आणि मशालींनाही, दोन्ही एकदम पाठीवर मावत नाहीत. पात्रं किल्ल्याखालच्या बाजारात गेली. दिघीकराच्या पैलवानाने सोन्याची पोती जागेवर ओतली आणि बाजारातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या मशाली भरल्या. आम्ही दोघांनीही तेच केलं. दादाने लिहिलं, "येडे हाय का? सोनं टाकून मशाली?" आणि भुयारात परतून पहिली मशाल पेटताच बटण दाबून एक चिंचोका उडवला.

त्यानंतर तो उधळपट्टीने बोलला. वहिनींनी चहा आणला की, "हं. आता?" दिघीकराने चेन्नईच्या उकाड्याचं रडगाणं लावलं की, "हं. आता?" प्रत्येक वेळी उजेड कमी व्हायचा आणि आम्ही आनंदाने पुढची मशाल काढायचो. ते महिने सुखाचे होते. तसं म्हणायला लाज वाटते, पण होते.

दुखणं पसरलं. टाइप करणं एकेका शब्दावर आलं. शेवटच्या गुरुवारी आम्ही भुयारात फार खोल होतो. त्याने लिहिलं, "पाणी." मग, "दार." हातातली मशाल शेवटच्या चिंचोक्यावर होती. टण्ण. "हं. आता?" नकाशा काळा झाला. दिघीकर म्हणाला, "थांब दादा, दुसरी पेटवतो." दादाने लिहिलं, "फुडच्या गुरवारी."

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघं त्याच्या गावी नदीकाठी उभे होतो. इतकी माणसं जमली होती, आणि त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की आमचा माणूस आम्हाला अंधारात ठेवून गेलाय.

तेरावा झाल्यावर आम्ही खेळ उघडला. सगळं होतं तसंच होतं, काळं. दादाच्या जागेवर त्याचा फोटो फिक्कट झालेला. ॲड-ऑन माझा, त्यामुळे बटण मलाही दाबता येत होतं. दाबलं. काही नाही. दिघीकर म्हणाला, "तुझ्याकडे फाइल असेल ना? नुसती वाजव." दापोडीकरीण म्हणाली, "नको. दादाला फुकटचं चालत नव्हतं."

पोती तपासली. इतक्या मशाली भरल्या होत्या, पण उरल्या होत्या थोड्याच. एक पेटवली आणि मी बटण दाबलं. टण्ण. "हं. आता?" मी रडलो. पलीकडे ती दोघंही रडत होती.

पहिल्या मशालीला आम्ही जागचे हललोच नाही, नुसतं ऐकत राहिलो. बाहेर पडलो की ऊन, उन्हात मशाल नाही, मशाल नाही तर चिंचोका नाही. कुणाला बाहेर जायचंय? शेवटी दिघीकरच म्हणाला, "दादा असता तर ओरडला असता, राव. उजेड जळतोय, बोला की." मग निघालो. तो विचारायचा, "हं. आता?" आणि आमच्यातलं एक जण उत्तर द्यायचं: डावीकडे वळतो, दादा. पायऱ्या चढतो, दादा. दार ढकलतो, दादा. असे कितीतरी गुरुवार गेले. भुयाराच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा शेवटची मशाल अर्धी जळली होती. जळती मशाल विझवून ठेवता येते, जुन्या नियमांत ती सोय आहे. मी विझवली आणि पिशवीत टाकली.

अजूनही गुरुवारी आम्ही येतो. पात्रं किल्ल्याबाहेर उन्हात उभी असतात, बाजारातल्या मशाली आम्हीच संपवलेल्या, आणि आम्ही इकडचं तिकडचं बोलतो. कधी कधी दादाच्या फोनवरून वहिनीही येतात. परवा मी त्यांना विचारलं, "वहिनी, आत जाऊन पेटवू का आज?"

त्यांनी विचारलं, "किती ऱ्हायल्यात?"

"तीन चिंचोके."

"मग नको, भावजी," वहिनी म्हणाल्या. "अजून दिवस हाय."