शहाडच्या मोटारमेळ्यातली बाटली

"ड्रायव्हर घेईल अंगावर. आपण गप्प राहिलो तर चषक आपलाच."

कल्याणच्या पोलीस ठाण्यात बाकावर बसलेले एक मोटारमालक शेजारच्या मित्राला इंग्रजीत हळूच म्हणाले. चार हातांवर मी जबाबाचे कागद लावत होते. खात्यात लागून मला तीनच महिने झाले होते; मी इंग्रजी शाळेत शिकलेय हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण ते वाक्य अजून कानातून गेलेलं नाही.

दारूबंदीचे दिवस होते. मुंबईच्या हौशी मोटारवाल्यांचा मेळा शहाडला नदीकाठी भरला होता आणि बंदोबस्तात मीही होते. एका गाडीचा भोंगा माजिवड्याला जो वाजू लागला, तो शहाडपर्यंत थांबला नाही. दुसरी गाडी वाळूत रुतली, ती बैलांनी ओढून काढली. बैलवाला मालकाला शांतपणे म्हणाला, "शेट, गारीला जरा चारा घालत जा." आम्ही शिपाई तोंड फिरवून हसलो.

दुपारी खबर आली की लाकडी चाकांच्या एका जुन्या मोटारीत सीटखाली बाटली आहे. झडती घेतली, पंचनामा झाला, मालक आणि ड्रायव्हर दोघांना ठाण्यात आणलं. बाटलीत फ्रेंच पॉलिश निघालं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ते लाकूड चमकवायला वापरत, पण दारूबंदी आल्यापासून लोक गाळून पीत. आमच्या कोठडीत त्या वासाचा कोणी ना कोणी असेच. हे कशासाठी, असं फौजदारसाहेबांनी विचारलं. मालक म्हणाले, ठाऊक नाही. ड्रायव्हर, पन्नाशीचा कोकणी माणूस, तासभर विचारल्यावर म्हणाला, "बाटली माझी. लिहा साहेब, काय लिहायचं ते." पिण्यासाठीच आणली असं ठरलं असतं, तर त्याला तुरुंग होता आणि नोकरीही गेली असती.

तो खोटं का बोलतोय, हे मला सकाळच्या बंदोबस्तामुळे कळलं. गाडी ज्याने त्याने स्वतःच्या हातांनी घासूनपुसून आणायची, असा त्या क्लबाचा नियम सकाळीच माझ्या कानावर आला होता. सगळ्यात देखण्या गाडीला चषक मिळे, आणि त्याआधी प्रत्येक मालक तशी शपथ घेई. चाकांना पॉलिश ड्रायव्हरने केलं हे बाहेर आलं असतं, तर चषक गेला असता आणि चार मित्रांत मालकांची शोभा झाली असती. ते चषकासाठी गप्प होते. ड्रायव्हर त्यांची अब्रू राखत होता.

नुसतं ऐकलेलं वाक्य सांगून भागलं नसतं. त्यांनी ते नाकारलं असतं. तेवढ्यात चहा आला. मालकांनी सकाळपासून घातलेले हातमोजे काढून ठेवले आणि कप उचलला.

पुढे फार काही करावं लागलं नाही. लाख कातडीवर बसली की कितीही घासा, दिवसेंदिवस जात नाही. ड्रायव्हरची बोटं नखांपर्यंत तपकिरी चकाकत होती. मालकांचे हात कोरे होते. त्यांनी मग खरा जबाब दिला, आणि देताना मान खाली घातली, हेही सांगायला हवं. परतताना स्टिअरिंगवर तेच होते. ड्रायव्हर शेजारी अवघडून बसला होता.

माणूस खोटं बोलतो ते स्वतःला वाचवायला, असं मला तोवर वाटायचं. कबुली मिळाली की तपास संपला, असं त्या दिवसानंतर मी कधी मानलं नाही. पण माझ्यावर खरं ऋण आहे ते फौजदारसाहेबांचं. मी टेबलाशी घुटमळत होते. दुसऱ्या कोणी मला कागद आणायला पिटाळलं असतं. त्यांनी टाक खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, काही सांगायचंय?" त्या तीन महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पुढे माझ्या हाताखालचे जे जे शिपाई असे घुटमळले, त्या सगळ्यांना मी तो विचारला.

त्या दिवशी मी त्यांना एवढंच म्हटलं, "साहेब, दोघांचेही हात बघा."