मनकर्णाचा दहीभात

"तोंड बघ कसं भाकरीवानी फुगलंय, आन् म्हनं आजारी!" लंकाबाई धाकट्या जावेला, मनकर्णाला, सुनावत होती. भिंतीपलीकडे मी भाकरी थापत होते. हात गुंतलेले, कान मोकळे.

"आक्का, गोळ्यांनी सुजलंय. तुमच्या बारशात समदे खोकत हुते, म्हनून न्हाई आले."

"आमचा खोकला बाधतो व्हय रानीसरकारला?"

तिसगावात आमची दारं लागून. मनकर्णाच्या अंगावर पाण्याचे फोड यायचे, फुटले की कातडं सोलायचं, लुगडं चिकटायचं. नगरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, फोड बसले. पण त्यानं बजावलं, या गोळ्या फोड दाबतात तशी अंगातली झुंजायची ताकदही दाबतात. पाणी उकळून प्या, खोकणाऱ्यांत बसू नका. लहानपणी तिला कांजिण्या आल्या नव्हत्या हे कळल्यावर तर म्हणाला, कांजिण्यांच्या घराची पायरी चढू नका, जिवावर बेतेल.

तेव्हापासून तिचा नवरा रंगनाथ शिंकणाऱ्याला दारातूनच वाटेला लावायचा. चेहरा मात्र गरगरीत, त्यामुळे गाव म्हणायचं, बाई सुधारली आन् माजली.

दुष्काळाच्या त्या शिमग्यात लंकाबाईच्या थोरल्या पुष्पीला कांजिण्या आल्या. आमच्यात देवी आली म्हणतात. चुलतीनं दहीभात नेऊन भरवायचा असतो. मनकर्णाला पोर नव्हतं. पुष्पीला ताप येवो, दृष्ट लागो, दहीभात हिचाच. रंगनाथ खडी फोडायला गेलेला. दूध औषधालाही मिळत नव्हतं. गोळ्यांवर प्यायला वाटीभर यायचं, तेच तिनं विरजलं.

मी म्हटलं, "आन इकडं, मी नेते. डॉक्टर काय म्हनला हुता?"

"ध्यानात हाय, मावशी. पर देवीच्या टायमाला बी न्हाई गेले, तर आक्काचं आन् माजं जल्माचं तुटंल."

तुटलं नाही. पाडवा झाला आणि मनकर्णाच्या अंगावर कांजिण्या उठल्या, छातीत उतरल्या. नगरला नेताना वाटेतच गेली. लंकाबाई इतकी रडली की तिला धरायला दोघी लागल्या.  रंगनाथ कुणाशी भांडणार, देवीशी?

पण त्या दिवशी दहीभात घेऊन ती गेली ती नेहमीसारखीच. वाटीवर पळसाचं पान झाकलं, डोक्यावरनं पदर घेतला. दारात चपला काढल्या, पुष्पीच्या उशाला बसून घास भरवला. पोरीनं तोंड वाकडं केलं, तशी म्हणाली, "मीठ न्हाई घातलं, बाय. देवीला चालत न्हाई." मग वाटी विसळून घेतली आणि घरी जाऊन चुलीवर प्यायचं पाणी उकळायला ठेवलं.