हात दाखव

"हात दाखव."

काका नमस्कारसुद्धा नंतर घ्यायचे, आधी हे. मी गराजमध्ये पाऊल टाकलं की दोन्ही तळवे त्यांच्यापुढे धरायचे. ते चष्मा कपाळावर चढवून बघत, मग वाकून चक्क वास घेत. "लसूण. जा, पुन्हा धुऊन ये." ऑफिसात अकरा जणांना कामाला लावणारी बाई मी, पण निमूट सिंककडे परत जायचे.

तुमच्याही शेजारी असे एखादे काका येऊन राहिले असतील. मुलाने ग्रीन कार्ड करून आणलेले, सकाळी कॉलनीला तीन फेऱ्या मारणारे आणि उरलेल्या दिवसाचं काय करायचं म्हणून कावलेले. आमचे काका नागपूरकडच्या एका दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. मी कॉलेजात रायफल शूटिंग करायचे. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला घर घेतल्यावर तो नाद पुन्हा लागला आणि मी रिकामी पितळी काडतुसं घरीच भरायला लागले. एकदा गराजचं दार उघडं होतं. काका फेरी मारता मारता थबकले.

"काय करून राहिली तू? दारूशेजारी चहाचा कप? अन् हा ठिणग्या उडवणारा स्वेटर?"

झालं. त्या दिवसापासून ते माझे साहेब.

काडतुसाच्या बुडाशी प्राइमर बसवतात. दिवाळीतल्या पिस्तुलाची टिकली असते ना, तेवढाच असतो. पिन त्याच्यावर आपटली की ठिणगी पडते, दारू पेटते, गोळी सुटते. प्राइमर ओलसर असला, तेलकट झाला किंवा नीट खाली बसला नाही, की नुसतं 'टक्'. म्हणून काका प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून उजव्या हाताची तर्जनी फिरवायचे, डोळे मिटून. केसाइतका वर राहिलेला प्राइमरही त्या बोटाला कळायचा. "डोळा फसतो बाई. बोट फसत नाही." मग खोक्यात चिठ्ठी टाकायचे, 'तपासले', आणि खाली सही. वीस गोळ्यांच्या खोक्यालाही सही! मी हसायचे. ते हसायचे नाहीत.

आता ती सकाळ. मला सांगायची नाहीये, पण सांगते.

रविवार होता. लेकीच्या डोक्याला मी खोबरेल तेल चोपडत होते आणि ती "आई, इट स्मेल्स!" म्हणून ओरडत होती. तेवढ्यात काका आले. मी हात टॉवेलला पुसले. धुतले नाहीत. काका वास घेतील आणि पाठवतीलच धुवायला, असं मनात होतं. सवयीने तळवे पुढे केले.

काकांनी माझे हात हलकेच खाली केले. "आता नको. आता तू आमच्या लाइनीतली झालीस. तुझे हात काय बघायचे?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्या आनंदात "थांबा, धुऊन येते" म्हणायची लाज वाटली. तसेच त्या तेलकट बोटांनी वीस प्राइमर उचलून बसवले. काकांनी एकेका बुडावरून बोट फिरवलं, चिठ्ठी लिहिली.

पुढच्या शनिवारी शूटिंग रेंजवर काकांचा मुलगाही आला होता. तिसऱ्या गोळीला 'टक्'.

"नळी समोर! उघडू नको. उशिरा पेटली तर तोंडावर येईल. तीस मोज." काका स्वतःच मोठ्याने मोजायला लागले, एक, दोन, तीन. तीस झाल्यावर मी रायफलचा बोल्ट उघडला. प्राइमरवर पिनेचा खड्डा स्वच्छ दिसत होता. काकांनी ते काडतूस फुसक्यांच्या डब्यात टाकलं. "पुन्हा ठोकून बघायचं नाही." सहाव्याला पुन्हा तेच. नवव्याला आणि बाराव्यालाही. चौथ्या वेळी मोजताना काकांचा आवाज चिरकला.

"बस. राहू दे," ते म्हणाले. "प्राइमर वर राहिले. बोटाला कळलं नाही."

"बाबा, शुगरमुळे मुंग्या येतात तुमच्या बोटांना. डॉक्टरांनी सांगितलं होतं," मुलगा म्हणाला. "आता पुरे हे. कोणाला लागलं असतं तर?"

मला तेव्हाच समजलं होतं. शपथेवर सांगते, दुसऱ्याच 'टक्'ला समजलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्यांच्या लेकासमोर, रेंजवरच्या लोकांसमोर... आणि खरं सांगू? 'आमच्या लाइनीतली' हे मला गमवायचं नव्हतं. काका आपल्या बोटाकडे बघत उभे होते आणि मी रायफल पुसत बसले.

ते पुन्हा गराजमध्ये आले नाहीत. मी दोनदा बोलवायला गेले. "मुंग्या येतात गं," म्हणाले. त्याआधी हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. हळूहळू ते शर्टाची बटणंही सुनेकडून तपासून घ्यायला लागले. भाजीत मीठ घालताना "बघ गं, जास्त नाही ना पडलं," म्हणायचे. उद्या सांगू, उद्या सांगू करत मी थंडी काढली. वसंतात ते नागपूरला परतले. फोन केला की एकच प्रश्न, "हात धुतेस नं?"

"हो काका," मी म्हणायचे.

दोन वर्षांनी मुलगा दारात येऊन सांगून गेला, बाबा गेले.

तो गेल्यावर मी गराजमधलं ते खोकं काढलं. उरलेल्या गोळ्या मी तेव्हाच दारू काढून सुट्या करून टाकल्या होत्या. खोकं कधी आतून नीट पाहिलंच नव्हतं. तळाशी चिठ्ठी होती. रेंजवर मी रायफल पुसत होते तेव्हाच असणार, 'तपासले' वर काकांनी रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं, 'चूक माझी'. सही.

मी पेन शोधलं. हात धुऊन आले. त्यांच्या सहीखाली लिहिलं, 'हात माझे होते'. मग तळवे पुढे धरून बराच वेळ तिथेच उभी राहिले.