मानवतच्या शैलाताई आणि आमची हरणारी टीम

गेल्या रविवारी परभणीत स्टेडियमच्या कोर्टवर आम्ही मॅच जिंकलो. हो, आम्हीच! ज्यांना आमची टीम माहीत आहे त्यांनी आधी पाणी पिऊन घ्या, मग पुढे वाचा...

आमची टीम म्हणजे बास्केटबॉल खेळणाऱ्या हौशी बायका. मी शाळेत शिकवते, दीपाली बँकेत आहे, उंचच उंच ऋतुजा कृषी विद्यापीठात शिकते, बाकीच्याही अशाच. आणि गेलं वर्षभर आम्ही नुसत्या हरत होतो.

खेळ तसा वाईट नव्हता हो... पण दीपाली आणि ऋतुजा एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक मॅच हरल्यावर दोघी एकमेकींना 'तुझ्यामुळे' म्हणाल्या, तेव्हापासून दीपाली ऋतुजाला पासच देईना. ऋतुजा बास्केटखाली हात वर करून उभी, आणि बॉल भलतीकडेच!

निरोप द्यायचा असला की मध्ये मी. दोनतीन जणी कंटाळून टीम सोडून गेल्या. आम्ही जेमतेम पाच उरलो, बदली खेळाडूसुद्धा नाही. टीम बंदच करू या, असं बोलणं सुरू झालं होतं.

अशात एका सकाळी शैलाताई आल्या. वय पंचावन्नच्या पुढे, पण एकेकाळच्या राज्याच्या टीमच्या कॅप्टन! माझी आई कॉलेजात असताना लेक्चर बुडवून त्यांची मॅच बघायला जायची. लग्न होऊन मानवतला गेल्या आणि खेळ सुटला.

परभणीत लेकीकडे आल्या होत्या, फिरता फिरता कोर्टपाशी थांबल्या. बॉल मागितला, पदर खोचला आणि लांबूनच टाकला... रिंगला न शिवता आत! मी तिथल्या तिथे गळ घातली. मग दर रविवारी सकाळच्या एसटीनं ताई मानवतहून यायला लागल्या.

आम्हाला वाटलं, झालं, आता जिंकलोच. पहिल्या मॅचला आम्ही बॉल ताईंकडे टाकायचो आणि उभ्या राहून कौतुकानं बघायचो. आधीपेक्षा वाईट हरलो!

ताई कमरेवर हात ठेवून हसत होत्या. "अगं, मी काय सर्कस हाय का? तुमी मला बघायलात, अन् समोरच्या पोरी बॉल घेऊन चालल्यात!"

पुढच्या रविवारी त्यांनी नवाच नियम काढला. बॉल जमिनीवर आपटायचा नाही, फक्त पास द्यायचे. आणि जिला पास द्यायचा, तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं.

थोड्याच वेळात दीपालीच्या समोर ऋतुजा आली. दीपाली कशीबशी म्हणाली, "ए..."

"ए म्हंजे कोण? नाव न्हाई का तिला?" ताईंनी तिथूनच विचारलं.

दीपालीनं नाव पुटपुटलं. "ऐकू येईना! लय महाग हाय का नाव?"

शेवटी दीपाली अशी काही किंचाळली, की कोर्टबाहेर फिरणारे आजोबा दचकून थांबले. आधी ऋतुजाला हसू फुटलं, मग दीपालीला... मग दोघी कोर्टवर बसकण मारून डोळ्यात पाणी येईपर्यंत हसत होत्या.

मी 'शैलाताई' म्हणून पास दिला, तर त्यांनी बॉल सोडूनच दिला. "ताई म्हणूस्तोवर बॉल जाईल नांदेडला. शैला म्हण!"

नंतर बाकावर पाणी पिताना त्या सहज बोलून गेल्या, "मानवतला मी काकू, वहिनी, आई, आता आज्जी. शैला म्हणणारं कुणी राहिलंच न्हाई बघ. इथं लय बरं वाटतंय." आम्ही सगळ्या उठून पुन्हा कोर्टवर गेलो. मग 'शैला' हे नाव मुद्दाम जरा जास्तच जोरात ओरडायला लागलो...

आणि मग उजाडला तो गेला रविवार. समोरच्या मुली ताईंच्या निम्म्या वयाच्याही नव्हत्या. ताईंचे पास अजून कमाल, पण गुडघे ऐकत नाहीत. पोरगी बाजूनं सुसाट निघायची, ताईंचा हात तिला लागायचा, आणि शिट्टी!

मॅच बरोबरीत, थोडीशीच मिनिटं उरलेली, आणि ताईंचा पाचवा फाऊल झाला. पाच झाले की खेळाडू बाहेर. आम्ही सगळ्यांनी तोंडं पाडली.

ताई मात्र लोकांना नमस्कार करत, लग्नात मिरवावं तशा बाहेर गेल्या. "जिंदगीत पहिल्यांदा हाकललं मला! तोंडं काय पाडायलात, खेळा की!"

शेवटचा बॉल दीपालीकडे होता आणि समोरच्या दोघींनी तिला घेरलं होतं. पूर्वी तिनं हट्टानं स्वतःच टाकला असता. या वेळी आवाज आला, "ऋतुजाऽऽ!" आणि बॉल त्या दोघींच्या डोक्यावरून सरळ ऋतुजाच्या हातात... आणि तिथून बास्केटमध्ये!

शिट्टी झाली तेव्हा कोर्टवर सगळ्यात आधी नाचायला कोण आलं असेल? आमच्या बाहेर काढलेल्या शैलाबाई! गुडघा-बिडघा सगळं विसरून.

अर्थात सोमवारी त्या गुडघ्यानं आठवण करून दिलीच. ताईंनी सकाळीच ग्रुपवर फोटो टाकला, हळदीचा लेप आणि खाली 'सुजलाय, पण आनंदानं सुजलाय.' संध्याकाळी मला वाटलं, आता नेहमीसारखे दीपालीला आणि ऋतुजाला वेगवेगळे फोन करून ताईंना भेटायला जायचं ठरवावं.

तेवढ्यात दुसरा फोटो आला. मानवतच्या ओट्यावर ताई पाय लांब करून बसलेल्या, एका बाजूला दीपाली, दुसऱ्या बाजूला ऋतुजा, आणि तिघींच्या मध्ये भज्यांची परात. दोघी एकाच स्कूटीवर बसून गेल्या होत्या.

मला कुणी विचारलंसुद्धा नाही! आणि खरं सांगते, आपल्याला असं विसरलं जाण्यात एवढा आनंद असतो, हे मला माहीतच नव्हतं...