रशीदचाचांनी घोटलेली चांदी

पडद्यावरची रेघ आडवी पडून होती. गेल्या आठवड्यात याच जागी शिखरे होती.

“मॅडम, काहून असं झालं?” वैशालीने विचारले. माझी ही पीएच.डी.ची विद्यार्थिनी दर्यापूरकडची. एरवी पुस्तकी बोलायची; घाबरली की घरची बोली वर यायची. शेतीची बातमी वाईटच असे, अशी ती वर्षे. बियाण्याला चोळायचे बुरशीनाशक विहिरीच्या पाण्यात उतरते का, हे ओळखण्याची पद्धत ती बसवत होती. प्रबंधाचा एकच आलेख उरला होता. त्यासाठी लागणारा रामन स्पेक्ट्रोमीटर अमरावतीला आमच्या विभागात डेमोपुरता आला होता, आणि त्याच संध्याकाळी परत निघणार होता.

“पाच म्हणजे पाच हं, मॅडम,” कंपनीचा इंजिनीअर म्हणाला. तो रिकामे खोके शेजारी ठेवूनच बसला होता. “गाडी सांगून ठेवलीय.”

रेणूवर लेझर टाकला की त्यातला अगदी थोडा प्रकाश रंग किंचित बदलून परततो. त्या बदलावरून रेणू ओळखता येतो; पण ही कुजबुज फार क्षीण असते. तोच रेणू खडबडीत चांदीवर बसवला, तर प्रकाशाचे विद्युतक्षेत्र तिथल्या अतिसूक्ष्म कणांच्या फटींत एकवटते आणि कुजबुजीची हाक होते. शिवाय चांदीलाच थोडे व्होल्टेज दिले की रेणू आपली बैठक बदलतो. कधी आडवा, कधी उभा. मग काही शिखरे उंचावतात, काही खाली बसतात. कोणत्या व्होल्टेजला हाक सर्वांत स्पष्ट येते, हाच तो राहिलेला आलेख.

लेझर तपासला. भिंग पुसले. द्रावण नव्याने केले. रेघ हलली नाही. दुपार झाली.

शेवटी मी, जिच्यावर रेणू बसवायचे ती चांदीची चकती काढून खिडकीशी नेली. ती पावसाळी आभाळासारखी मळकट दिसायला हवी होती. तिच्यात मला माझे कुंकू लख्ख दिसले.

चकती तिला व्होल्टेज पोचवणाऱ्या दांड्यापासून सुटली होती, म्हणून जोडायला अकोल्याच्या सराफ्यातले चांदीचे कारागीर रशीदचाचा यांच्याकडे पाठवली होती. आदल्या दिवशीच परत आली होती. मी त्यांना फोन लावला.

“चाचा, चकतीला काय केलंत?”

“काई नाई, मॅडम. जोडली. मंग पाहिलं तं निरी काळवंडून राहिली होती. अशी कशी पाठवू तुमाले? रिठ्यात धुतली, अकीकाच्या दगडानं घोटली, वरून मेणाचा हात फिरवला. कॉलेजात जाऊन राहिली होती, आपली बी काही इज्जत आहे!”

“चाचा, ती आम्ही मुद्दाम खडबडीत केली होती.”

पलीकडून हळूच, “या अल्ला. चांदी खराब करायचा तुमाले पगार भेटते काय?”

वैशाली त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

“मेण कसं काढू?”

“गरम पानी, रिठा, नरम ब्रश. जोरानं घासू नका, माही घोटाई मोडीन.”

आमच्याकडे अ‍ॅसिटोन होते. तरी वैशालीने समोरच्या दुकानातून रिठे आणलेच. प्रयोगशाळेत रिठ्याचा आंबूस, न्हाणीघराचा वास दरवळला. मेण निघाल्यावर चकती क्षाराच्या पाण्यात बुडवून आम्ही व्होल्टेज पुढे-मागे फिरवले. असे केले की चांदी थोडी विरघळते आणि परत येऊन कणाकणाने बसते. दुधावर साय धरावी तशी त्या चकचकाटावर मळकट छटा चढत गेली.

बुरशीनाशकाचे द्रावण टाकले, लेझर लावला. शिखर उठले. व्होल्टेज बदलले, ते आणखी उंचावले, शेजारचे बसले.

“जागा बदलून पाहा,” मी म्हणाले. पूर्वी एका जागी हाक यायची, तर बाजूलाच मौन. आज चकतीवर कुठेही पाहिले तरी शिखर जवळजवळ तेवढेच. चाचांनी पाया इतका सारखा घोटला होता की त्यावरचे खडबडीतपणही सारखे उमटले होते.

पाच वाजले. इंजिनीअर खोके सोडून पडद्याशी येऊन उभा होता. “अजून दोन व्होल्टेज घ्या,” तो म्हणाला. “गाडी थांबेल.”

आलेख पूर्ण झाला. काही महिन्यांनी प्रबंधही. त्यातल्या कृतीत ‘चकती प्रथम अकीकाने घोटून घ्यावी’ असे एक वाक्य आहे. मी मात्र त्यातून एवढेच शिकले की कारागिराला काम सांगताना काय करू नये तेही सांगावे, आणि कधीकधी ते सांगायला विसरावे.

चाचांना मी पुढची चकती घोटून मागितली.

“मंग तुमी ते पुन्हा खराब करान?”

“हो, चाचा.”

“तं पाठवा. पण माह्यासमोर करू नका.”