सारजाच्या मळ्यापर्यंत आणि परत

आमच्या ख्रिस्ती मंडळीनं त्याग करायचा ठरवला, की सगळ्यांत आधी घराघरांतल्या जुन्या ट्रंका उघडल्या जातात. त्या वर्षी माघात असाच एक त्याग गोळा झाला आणि तो वऱ्हाडात पोचवण्याची कामगिरी आमच्या पाळकसाहेबांवर आणि माझ्यावर आली.

वाशीमपलीकडे अनसिंगजवळच्या एका खेड्यात मंडळीचे योहान गुरुजी लहानशी शाळा चालवीत. त्यांची बायको बाळंतपणानंतर आठव्या दिवशी वारली होती. मागे तीन महिन्यांची मुलगी. तिला आमच्या गावी आणून मंडळीच्या बालगृहात ठेवावं, असा ठराव झाला होता. तान्हं लेकरू सांभाळायला बाईमाणूस हवं, म्हणून मी. मी मंडळीच्या शाळेत मास्तरीण, विधवा, मागे कुणी नाही. म्हणजे कुठंही पाठवायला सोयीची.

नगर स्टेशनवर निरोप द्यायला महिला मंडळातल्या बायका आल्या होत्या. अध्यक्षीणबाईंनी लाकडी पेटीवर हात ठेवून प्रार्थना केली. पेटीतल्या वस्तू देताना एकेकीला किती यातना झाल्या असतील, असं त्या देवाला सांगत होत्या. देवानं पेटी उघडून पाहिली नव्हती, मीही नव्हती. म्हणून दोघांनी ऐकून घेतलं.

पाळकसाहेब हे चांगले गृहस्थ आहेत, असं सगळे म्हणतात. त्यांच्याबरोबर दोन दिवस प्रवास केलेला माणूस हे जरा सावकाश म्हणतो. त्यांच्याजवळ होल्डॉल होता, मच्छरदाणी होती आणि तोंडानं फुगवायची रबरी उशी होती. मनमाडला गाडी बदलली, तेव्हा खिडकीची जागा त्यांनीच घेतली. प्रवचनाची टिपणं काढायला उजेड हवा होता. प्रवचनाचा विषय होता, आत्मत्याग.

अकोल्याला उतरून वाशीमची मोटार धरली. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं आणि रेल्वे तिथवर पोचलेली नव्हती. पातूरचा घाट चढताना मोटारीचं पाणी उकळलं आणि सगळे खाली उतरले. एका म्हाताऱ्यानं गाठोडं सोडून तुरीच्या ओल्या शेंगा आमच्यापुढं धरल्या.

"कोन्या गावचे तुमी?"

"नगरकडचे," मी म्हणाले.

"लय दूर आले. कायले?"

पाळकसाहेब म्हणाले, "सेवेसाठी."

म्हातारा विचारात पडला. "कोन बिमार हाये?"

साहेबांनी टिपणांची वही उघडली. मी शेंगा सोलून खाल्ल्या. गोड होत्या.

वाशीमला रात्र काढून सकाळी दमणी (बैलांची हलकी गाडी) केली. अनसिंगची वाट काळ्या मातीतून जाते. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या उभ्या, अधूनमधून तुरीचं पिवळं शेत आणि बांधावर पळसाला नुकत्याच आलेल्या कळ्या. धूळ मात्र अशी, की दुपारी उतरलो तेव्हा पाळकसाहेबांचा पांढरा कोट आणि गाडीवानाचा सदरा यांत काही फरक राहिला नव्हता. प्रवासात मला खरोखर आवडलेली ही पहिली गोष्ट.

योहान गुरुजी वेशीवर उभे होते. पंचविशीचा, वाकलेला, प्रत्येक वाक्याला "साहेब" लावणारा माणूस. घर दोन खोल्यांचं, सारवलेलं. एकच बाज होती. ती पाळकसाहेबांकडे गेली. जेवायला ज्वारीची भाकर, चून (पिठलं) आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्यानं साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. गुरुजींना वाटलं, साहेब आपल्या दुःखानं रडताहेत. त्यांनाही रडू आलं. मी भाकरी मोडत राहिले.

मग पेटी उघडली. गावातले चार-सहा लोक बघायला जमले होते. वर एक जरीची साडी होती, ती उचलली तर मधोमध फाटलेली. खाली कान नसलेले पाच कप, कसरीनं खाल्लेला लोकरीचा फ्रॉक आणि पोराचा एक बूट. दुसरा बूट मी तळापर्यंत शोधला. दुसऱ्या बुटाचा त्याग बहुधा पुढच्या वर्षी व्हायचा होता.

"तुमच्या गावी धड काई उरलंच नाही काय जी?"

दारात एक तरुण बाई उभी होती. नऊवारीचा काचा मारलेला, पायाला ओली माती, खांद्यावर झोपलेलं बाळ. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. आमच्या गावी दुष्काळ पडला असावा, असं तिला खरंच वाटलं होतं.

ही सारजा. गावाबाहेरच्या मळ्यात ती आणि तिचा नवरा वांगी, मेथी, सांभार (कोथिंबीर) लावत आणि अनसिंगच्या बाजारात विकत. तिच्या खांद्यावरचं बाळ गुरुजींचं होतं. संध्याकाळी भाजी निवडताना तिनंच मला सगळं सांगितलं.

"माह्यं लेकरू गेलं त्याले पंधरा दिस झाले होते. दूध काई आयकेना. सुईन हिले घेऊन आली, म्हने, पाज. मी नाई म्हनलं. मले दुसऱ्याचं लेकरू पाहावत नोतं. मंग हे रडलं अन् माह्यी चोळी भिजली. आता कोनाले नाई म्हनू?"

"आणि नवरा काय म्हणाला?"

"तो काय म्हनते? तो हिले घेऊन मोटंवर बसते."

आम्ही बाळ न्यायला आलोय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गुरुजींना धीर झाला नव्हता. मीही सांगितलं नाही. मेथी निवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. कडुनिंबाखाली उपासना झाली. गुरुजींच्या घरचेच काय ते ख्रिस्ती, बाकी गाव कौतुकानं बसलेलं. पाळकसाहेबांनी एका म्हाताऱ्या बापाची जुनी गोष्ट घेतली. देवानं मागितलं म्हणून तो आपला एकुलता एक मुलगा अर्पण करायला डोंगरावर घेऊन निघतो. लाकडांची मोळी, हातातला सुरा, मुलाचे प्रश्न, सगळं साहेबांनी रंगवून सांगितलं. मग ते गुरुजींकडे वळले. "योहान, तुझ्याकडूनही आज प्रभू एक लेकरू मागतो आहे. उद्या सकाळी ते आमच्याबरोबर येईल."

गुरुजी मान खाली घालून म्हणाले, "साहेब म्हणतात तसं."

सारजा मागं उभी होती. लोक उठले तसं तिनं माझा पदर धरला.

"त्या बुढ्यानं पोराले मारलं काय, बाई?"

"नाही. देवानं शेवटी त्याचा हात धरला. नको म्हणाला."

"मंग तुमच्या साहेबाचा हात कोन धरन?"

वीस वर्षं मी मुलांना तीच गोष्ट शिकवत होते.

सोमवारी सकाळी ती बाळाला घेऊन आली. न्हाऊ घातलेलं, तेल लावलेलं, गालावर काजळाची तीट. ती भांडेल, रडेल असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं बाळ माझ्या हातांत दिलं आणि एवढंच म्हणाली, "मानेखाली हात राहू द्या." मग मागं न पाहता मळ्याकडे चालू लागली. गुरुजी भिंतीला टेकून उभे राहिले. दमणी हलली.

अर्धा कोस बाळ झोपलं. मग जागं झालं आणि माझ्या छातीशी तोंड नेऊन शोधू लागलं. साहेबांनी पिशवीतून बाटली काढली, डब्यातल्या पावडरचं दूध केलं. बाळानं एक घोट घेतला आणि बाहेर टाकला. पुन्हा दिलं, पुन्हा टाकलं. मग ते रडायला लागलं. असं रडणं मी सहा वर्षांत ऐकलं नव्हतं.

"सवय होईल," साहेब म्हणाले. "प्रभू बळ देईल."

"तिला बळ नको आहे साहेब, दूध हवं आहे."

ते गप्प झाले. मीही झाले. बाळ होईना. ओढ्याच्या उतारावर आलो तेव्हा मी गाडीवानाला म्हणाले, "थांबव."

"रत्नाबाई, मंडळीचा ठराव आहे."

"ठराव तुमच्या खिशात आहे. लेकरू माझ्या मांडीवर आहे."

मी उतरले. ऊन वर आलं होतं. थोड्याच अंतरावर चपलेचा अंगठा तुटला. चप्पल तिथंच टाकली आणि एका अनवाणी पायानं ढेकळांतून चालत गेले. वाटेत मी आमच्या मंडळीला, तिच्या ठरावांना, पेटीला आणि गुरुजींच्या भिजल्या मांजरासारख्या स्वभावाला जेवढी नावं ठेवली, तेवढी बाळानं ऐकली.

सारजा मळ्यात बांधावर बसली होती. छाती दाटून आली होती म्हणून ती दूध पिळून वांग्याच्या बुंध्याशी टाकत होती. मला पाहून ती उठली नाही. मी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. ते पिऊ लागलं आणि मळ्यात एकदम शांतता झाली.

बाळाच्या डोईवरून हात फिरवत ती म्हणाली, "तुमचंबी गेलं न, बाई?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाले कायले लागते? लेकरू कसं धरलं, त्याच्यावरून दिसते."

मी बांधावर बसले. सहा वर्षांपूर्वी माझा मुलगा नऊ वर्षांचा होऊन विषमज्वरानं गेला होता. तेव्हा आमच्या मंडळीतल्या बायका रांगेनं आल्या होत्या आणि प्रत्येकीनं बायबलातलं एकेक वचन आणलं होतं. मी त्यांना चहा देऊन वाटेला लावलं आणि नंतर कुणासमोर त्याचं नाव घेतलं नाही. सारजानं वचन सांगितलं नाही. तिनं फडक्यातली भाकर मोडली, मोठा तुकडा मला दिला आणि म्हणाली, "खा." मी खाल्ली. रडत रडत खाल्ली, आणि तीही रडली. बाळ पीत राहिलं.

निघताना गुरुजी धावत आले. "बाई, मला नाही म्हणता आलं नाही."

"ते दिसलं," मी म्हणाले. "आता हो तरी नीट म्हणा. रोज मळ्यात येऊन लेकीला पाहत जा."

दमणी ओढ्याशी उभीच होती. पाळकसाहेब आत बसलेले. त्यांनी विचारलं, "प्यालं का?"

"प्यालं. तुमच्या ठरावाशिवाय."

परतीच्या दोन दिवसांत ते दहा वाक्यंही बोलले नाहीत. मी मनात सभेसाठी भाषण तयार करत होते. त्यात मच्छरदाणी होती, उशी होती, एकटा बूट होता. शाळा मंडळीची, तेव्हा नोकरी जाणार हे मला ठाऊक होतं. पण जाताना निदान चार लोकांना फोड येतील, एवढी सोय मी करून ठेवली होती.

सभा भरली. चिटणीसांनी चष्मा पुसून विचारलं, "बालक कुठं आहे? ठराव कुणी मोडला?"

मी उठायच्या आत पाळकसाहेब उभे राहिले. "बाळाला परत पाठवण्याचा निर्णय माझा. रत्नाबाई माझ्या सांगण्यावरून उतरल्या. ते बाळ जिथं आहे तिथं सुखात आहे, आणि त्याला तिथून आणणं पाप झालं असतं."

पुण्याच्या मोठ्या मंडळीत त्यांची बदली जवळजवळ ठरली होती. त्या सभेत ती मोडली. चिटणीस त्यांना जे बोलले, ते त्यांनी उभ्यानं ऐकून घेतलं. माझं भाषण माझ्याजवळच राहिलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. "साहेब, तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"का?"

"मी उतरायला हवं होतं. तुम्ही उतरलात, मी बसून राहिलो." मग म्हणाले, "गाडीवान पुढं हाकू का म्हणून दोनदा विचारत होता. नको म्हणालो. तेवढंच केलं."

वाचकहो, कृपा आपल्याला आवडणाऱ्या माणसांकडून आली तर ती घ्यायला सोपी असते. ज्याची वाटभर टर उडवली त्याच्याकडून ती घेताना मान वाकते, आणि माझी मान मुळातच ताठ. आभाराचा एक शब्द मला सुचेना. त्यांनीही वाट पाहिली नाही. आतून त्यांच्या पत्नीनं चहा आणला. पाणचट होता. मी खाली बसले, कप हातात घेतला आणि त्या दोघांना म्हणाले, "माझ्या मुलाचं नाव सुधाकर होतं."