दाराबाहेरून ऐकलेले राक्षस

पालीला घाबरणारी बाई राक्षसांच्या दाराशी बसून नोकरी कशी करते, हे कोडं तिच्या नवऱ्याला शेवटपर्यंत सुटलं नाही. घरात पाल दिसली की ही पलंगावर चढायची. आणि दुपार झाली की हीच बाई पर्समध्ये टॉर्च टाकून चित्रपटगृहात हजर. आत तळ्यातून कोणीतरी खवल्यांचा वर येतोय, माणसं किंचाळतायत, आणि बाहेर स्टुलावर बसून ही मुलीच्या फ्रॉकला दोरा घालतेय.

“मला आतलं कुठे काय दिसतं?” ती म्हणायची.

खरंच दिसत नव्हतं. खेळ सुरू झाला की डोअरकीपरने बाहेर थांबायचं, असा तिथला नियम होता. मध्येच दार उघडलं की उजेडाची पट्टी थेट पडद्यावर जायची आणि प्रेक्षक शिव्या घालायचे. दाराला दोन्ही बाजूंनी जाड रेक्झिन ठोकलेलं. त्यात माणसांचं बोलणं अडून राहायचं, संगीत मात्र झिरपत बाहेर यायचं. सुट्टीच्या दिवशी फुकट पास मिळत असूनही ती त्या रस्त्याला फिरकत नसे. “राक्षस बघायला जाऊ? घरात पाली काय कमी आहेत?”

मालकाला जुन्या काळ्यापांढऱ्या राक्षसपटांचं वेड होतं. दुपारच्या खेळाला आलटूनपालटून तेच लागायचे. खेळ संपायच्या जरा आधी दारं उघडून मागे अडकवून ठेवणं हे तिचं मुख्य काम. उशीर झाला तर अंधारातली सगळी गर्दी बंद दारावर येऊन आदळायची. घड्याळाचा उपयोग नव्हता, कारण रीळ तुटलं की मशीनवरचा ऑपरेटर तेवढा तुकडा कापून उरलेलं चिकटवायचा, आणि चित्रपट दर आठवड्याला थोडा थोडा आखूड होत जायचा. म्हणून ती कानांवर चालायची. ढोल थांबले, तुताऱ्या थांबल्या, नुसती व्हायोलिनं उरली आणि त्यांचे सूर हळूहळू खाली उतरायला लागले की दोरा दाताने तोडायचा, उठायचं, दारं ढकलायची. पुढेपुढे तिला हे ठरवावं लागत नव्हतं. पायच उठायचे.

शाळा सुटली की मुलगी तिथेच यायची. आत जायचं तिचं वय नव्हतं. ती आईच्या शेजारी पायरीवर बसून गृहपाठ करायची आणि दाराकडे कान लावायची.

“आई, आता काय चाललंय?”

“आता तो एकटाच फिरतोय. वाट चुकलाय बहुतेक.”

“वाईट आहे का तो?”

आई सुई थांबवून ऐकायची. “वाईट असता तर त्याच्यासाठी इतकं हळू वाजवलं असतं का गं?”

घरी जाताना मग ती पूर्ण गोष्ट सांगायची. मध्ये कितीही धडामधुडुम झालं तरी शेवटी राक्षस आपल्या घरी जायचा, कारण शेवटी जे वाजायचं त्यातून तिला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. मुलीने त्या गोष्टींवर लहानपण काढलं.

कॉलेजात गेल्यावर मुलीने त्यातला एक चित्रपट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि तणतणत घरी आली. आई इस्त्री करत होती.

“आई, त्याला मारतात.”

“कोणाला?”

“त्या तळ्यातल्याला. जाळं टाकतात आणि भाले मारतात. तू म्हणाली होतीस, तो घरी गेला.”

आईने इस्त्री उभी केली. “अगं बाई. मारतात?” ती खरोखर हळहळली. मग म्हणाली, “पण मग शेवटी ते वाजवतात, ते कोणासाठी?”

तो प्रश्न मुलीने सोडला नाही. त्यासाठी ती संगीत शिकली, कुठून कुठून जुनी रिळं आणि तबकड्या शोधत फिरली, लग्न लांबवलं, आईच्या जिवाला घोर लावला. हिचं कसं होणार, वेळेवर जेवते का, भुतांच्या मागे लागून पोरगी वाळली, असं करत करत आईचे केस पिकले. चित्रपटगृह बंद पडलं, तिथे फर्निचरचं दुकान आलं. आणि एक दिवस मुलीने जाड पुस्तक आईच्या मांडीवर ठेवलं. जुने राक्षसपट आणि त्यांचं संगीत. मुखपृष्ठावर खवल्यांचा एक हात. आईने आधी त्याच्यावर रुमाल टाकला आणि मगच पुस्तक उघडलं.

“प्रकाशनाला तू दोन शब्द बोलायचेस,” मुलगी म्हणाली.

“मी? मी त्यातला एक तरी पाहिलाय का?”

“तेच सांग.”

“सगळी जाणती माणसं येणार. हसतील. मला हसले तर हसोत, मी काय, म्हातारी. पण ते हसणार तुझ्या पुस्तकाला. म्हणतील, हिला हे ज्या आईने शिकवलं, तिला स्वतःला काही माहीत नाही.”

“आई, नाही जमलं तर नुसती उभी राहा. पण नाही म्हणू नकोस.”

मुलीने आजवर तिच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. ती हो म्हणाली. चार वाक्यं कागदावर लिहून तिने ती पाठ करायला घेतली. पाठ करताना दोनदा दूध उतू गेलं आणि वाक्यं काही तोंडात बसेनात.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह भरलं होतं. तिने मुद्दामच पहिल्या रांगेतली, दाराजवळची खुर्ची धरली. शेजारी जुना ऑपरेटर येऊन बसला. कानाला यंत्र लावलेलं, पण जीभ तशीच.

“वहिनी, तोंड असं का केलंय? लेकीचं पुस्तक आहे. तुम्हाला कोणी दात उपटायला नाही आणलेलं.”

“भावजी, मला बोलायचंय.”

“मग बोला. माझ्यावर ओरडायचात तेव्हा कागद लागायचा नाही तुम्हाला.”

“तुम्ही रिळं कापायचात, म्हणून ओरडायचे.”

प्रकाशक बोलायला उभे राहिले आणि बराच वेळ बसले नाहीत. मागच्या रांगांत खुर्च्या कुरकुरू लागल्या. मग मुलगी माइकवर आली. आधी आपण नुसतं संगीत ऐकू, ती म्हणाली, चित्र न बघता. नंतर माझी आई बोलेल. आणि मग तेच संगीत पुन्हा, या वेळी चित्रासकट. मागे पांढरा पडदा लावलेलाच होता. दिवे मंद झाले आणि पडद्याच्या कडेला बसलेल्या वादक मंडळींनी वाजवायला सुरुवात केली.

आईने पर्समध्ये, अजूनही सवयीने बाळगलेल्या टॉर्चखालचा कागद चाचपला. पहिलं वाक्य आठवलं, दुसरं आठवेना. तिकडे ढोल थांबले. तुताऱ्या थांबल्या. नुसती व्हायोलिनं उरली आणि हळूहळू खाली उतरायला लागली.

तिचे पाय उठले.

तिने दारं ढकलली, दोन्ही फळ्या मागे भिंतीला अडकवल्या आणि उठतानाच पर्समधून काढलेला टॉर्च जमिनीकडे धरून बाजूला उभी राहिली. बाहेरचा लख्ख उजेड आत आला. प्रकाशकांच्या भाषणाने आधीच दमलेल्या लोकांना तेवढंच पुरलं. संपलं वाटतं, म्हणत मागची रांग उठली, तिचं बघून मधली उठली, पिशव्या खांद्यावर गेल्या. वादक एकमेकांकडे बघत थांबले. पहिला माणूस तिच्या टॉर्चच्या उजेडापर्यंत पोहोचला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय.

लेकीने इतकी वर्षं घालून जमवलेलं आपण एका झटक्यात घरी पाठवलं. मुलगी मंचावर तशीच उभी होती, मागे रिकामा पडदा. ऑपरेटर खुर्चीत हसून हसून वाकला होता.

आणि मग तिच्या घशातून तो आवाज आला, जो फर्निचरच्या दुकानाच्या आधीपासून तिथे पडून होता.

“बसा, बसा. खेळ संपलेला नाही. आपापल्या जागेवर चला.”

लोक बसले. एवढे मोठे लोक, पण मुकाट्याने मागे फिरले आणि बसले. मग कोणीतरी हसलं आणि सगळंच सभागृह हसलं, पण त्या हसण्यात टोचेल असं काही नव्हतं.

“आई,” मुलगी माइकवरून म्हणाली, “आता तिथूनच बोल.”

कागद पर्समध्ये आणि पर्स खुर्चीवर. पण पाठीशी दार होतं आणि हातात टॉर्च होता.

“मी यातला एकही पाहिलेला नाही,” ती म्हणाली. “मी दाराबाहेर असायचे. तुम्ही आत बसून घाबरायचात, तुम्हाला त्याचे दात दिसायचे. मला दात दिसायचे नाहीत. मला वाटायचं, आत कोणीतरी एकटं आहे आणि ही वाजवणारी माणसं त्याची समजूत काढतायत. लेकीला मी तेच सांगितलं. ती म्हणाली, त्याला मारतात. मारत असतील. पण वाजवणाऱ्यांना ते पटलेलं नव्हतं, एवढं मला बाहेर ऐकू यायचं.” तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. “चुकून दार उघडलं. सवय आहे. माफ करा.”

मुलीने डोळे पुसले. “माझं पुस्तक एवढंच म्हणतं,” ती लोकांना म्हणाली. “फक्त मला जरा जास्त पानं लागली.”

टाळ्या थांबल्यावर दारं लावायची होती. आईने ती लावली, आणि ती आपण आतून लावतोय हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा दिवे मालवले गेले होते. ती चाचपडत खुर्चीत येऊन बसली. वादकांनी पुन्हा सुरुवात केली आणि पडद्यावर तळ्यातून तो वर आला, जन्मभर दाराआड राहिलेला.

बोटांच्या फटीतून ती बघत राहिली. मग फट मोठी झाली.

“भावजी,” ती कुजबुजली, “त्याची पाठीवरची शिवण उसवलीय.”

“गप बसा वहिनी. लोक रडतायत.”

जाळं पडलं. भाले निघाले. तिने डोळे गच्च मिटून घेतले आणि व्हायोलिनं खाली उतरू लागली. या वेळी तिने पाय खुर्चीखाली एकात एक अडकवून ठेवले होते.

“गेला का?” तिने विचारलं.

“गेला.”

“कुठे?”

ऑपरेटरने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्या मिटल्या डोळ्यांकडे.

“घरी,” तो म्हणाला.